जाणे-येणे : आपल्या समाजाची जुनी ठेव

बेने इस्राएल समाजाच्या पूर्वजांपाशी कोकणात कित्येक पिढ्या सिफेर तोरा नव्हता, सिनेगॉग नव्हते, आणि हिब्रू वाचून दाखवील असा धर्मगुरूही नव्हता. तरीही शब्बाथ पाळला गेला, आठव्या दिवशी मुलांची सुंता झाली, निषिद्ध मासे ताटात आले नाहीत आणि सुखदुःखाच्या प्रत्येक प्रसंगी शेमा म्हटला गेला. ग्रंथावाचून धर्म टिकला कसा, हा प्रश्न आपल्या इतिहासकारांनी पुष्कळदा विचारला आहे. पूर्वजांची निष्ठा, परंपरेचे बळ व ईश्वरी कृपा अशी त्याची उत्तरे दिली जातात व ती आम्हांस मान्यच आहेत. परंतु त्यांच्या जोडीला आणखी एक साधी गोष्ट होती, आणि ती इतकी नित्याची होती की तिची वेगळी नोंद ठेवावी असे कोणास वाटले नाही. ती म्हणजे एकमेकांकडचे जाणे-येणे.

सांप्रत या विषयाला जगभर महत्त्व आले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणाचा त्रास आहे, असे नमूद केले आहे. इंग्लंडच्या सरकारने तर २०१८ सालीच या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपविली. अशा वेळी आपल्या समाजाने मागे वळून पाहिले, तर आपल्यापाशी काय होते, ते कशामुळे टिकले आणि कोठे निसटू लागले आहे, याचा उलगडा होईल. तेवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

शनवार तेली आणि त्यांचे गाव

आपल्या परंपरेनुसार अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे वंशज पुढे जुन्या कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, गावोगावी पसरले. दिव्याचे दिवेकर, किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर अशी आपली शंभरावर आडनावे आहेत. आडनाव उच्चारताच गाव कळते, आणि गाव कळले की शेजार कळतो.

या गावांतून बहुधा आपली घरे थोडीच असत. आजूबाजूला आगरी, कोळी, कुणबी, मुसलमान अशी वस्ती असे. आपल्या लोकांचा मुख्य धंदा तेलाच्या घाण्याचा. तेल ही घरोघर लागणारी वस्तू असल्यामुळे तेल्याचा संबंध गावातील प्रत्येक उंबरठ्याशी येई. शनिवारी मात्र घाणा बंद असे. गावकऱ्यांनी ते पाहिले, ओळखले आणि आपल्या पूर्वजांना ‘शनवार तेली’ हे नाव दिले. हे नाव आपण स्वतः घेतलेले नाही, ते शेजाऱ्यांनी दिलेले आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ज्या शेजाऱ्याला आपला विसाव्याचा दिवस ठाऊक असतो आणि जो तो मानतो, त्याच्या सोबतीने राहणे हेही एक प्रकारचे संरक्षणच होय. युरोपातील ज्यूंच्या इतिहासात जे छळाचे अध्याय आहेत, ते आपल्या कोकणच्या इतिहासात नाहीत. त्याचे श्रेय त्या मातीला व त्या शेजाऱ्यांना आपण आजवर कृतज्ञतेने देत आलो आहोत.

आपली घरे विखुरलेली असल्याने गावांना एकत्र बांधणारी माणसे लागत. डेव्हिड राहाबी यांनी ज्या तिघा जणांना धर्मशिक्षण दिले असे परंपरा सांगते, त्यांच्या पुढे काजी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या घराण्यांनी हे काम केले. काजी गावोगाव फिरत, सुंता व विवाह लावीत आणि तंटेही मिटवीत. काजी आला की चार गावांच्या बातम्या येत. कोणाच्या घरी पाळणा हलला, कोण आजारी आहे, कोणाची मुलगी उपवर झाली, हे सारे त्याच्या पावलांबरोबर फिरत असे.

सणांतून घातलेले वळण

आपल्या जुन्या सणांची मराठी नावे आजच्या तरुण पिढीला अपरिचित आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणीचा सण, बिरड्याचा रोजा ही ती नावे. यांपैकी दारफळणीचा सण म्हणजे आपण आज ज्याला योम किप्पूर म्हणतो तो. त्या दिवशी दारे लावून घेऊन घरातच उपास व प्रार्थना करण्याची चाल होती. पण त्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘शिळा सण’ येई. त्या दिवशी गोरगरिबांना दान द्यावयाचे आणि आप्तेष्टांच्या घरी भेटीस जावयाचे, असा रिवाज होता. एक दिवस दार बंद ठेवून परमेश्वराशी हिशेब करावयाचा आणि दुसऱ्या दिवशी तेच दार उघडून माणसांकडे जावयाचे, हा क्रम आपल्या अशिक्षित म्हणविल्या गेलेल्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला.

मलिद्याचेही तसेच आहे. पोहे, गूळ अथवा साखर, ओले खोबरे, वेलदोडा आणि सभोवती फळे, एवढेच त्या ताटाचे साहित्य. नवस फेडणे, लग्नाआधीचा दिवस, सुंता, नवे घर, दूरचा प्रवास, आजारातून उठणे, अशा प्रत्येक निमित्ताने एलियाहू हन्नबीचे नाव घेऊन मलिदा केला जातो. खंडाळे या अलिबागजवळच्या गावी एलियाहू हन्नबींचा रथ टेकला, या श्रद्धेने आजही लोक तेथे जातात. मलिद्याची खरी गोम अशी की तो कोणी एकट्यासाठी करीत नाही. ताट मध्ये आणि माणसे भोवती, तरच तो मलिदा. कुटुंबात आनंदाची गोष्ट घडली की ती चार माणसांत वाटलीच पाहिजे, ही सक्ती त्या ताटाने केली.

दुःखाच्या बाबतीत तर धर्मशास्त्राचीच आज्ञा आहे. दफनविधीनंतरचे पहिले जेवण शोकाकुल कुटुंबाने स्वतःचे खाऊ नये, ते शेजाऱ्यांनी आणावे. पुढे सात दिवस लोकांनी त्या घरी जावे. सार्वजनिक प्रार्थनेला दहा जण लागतात हाही नियम त्याच जातीचा. एकट्याने कितीही भक्तिभावाने तिफिला म्हटली, तरी कादिश म्हणण्यासाठी त्याला नऊ माणसांच्या दारी जावे लागते. ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे, त्याला घरात कोंडून घेण्याची मुभा शास्त्राने ठेवलेली नाही.

मुंबईची मशीद आणि चाळ

अठराव्या शतकात आपले लोक मुंबईस येऊ लागले. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल एझिकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईतील आपले पहिले सिनेगॉग, शाआर हाराहामीम, बांधले. आपल्या लोकांच्या तोंडी ती ‘जुनी मशीद’ झाली, आणि मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडले असे आपल्याकडे मानले जाते. मांडवी, डोंगरी, उमरखाडी या भागांत इस्राएल मोहल्ला वसला. पुढे माझगाव, भायखळा, आग्रीपाडा व जेकब सर्कल येथे वस्ती वाढली.

खेड्यातून शहरात आलेला माणूस एरवी हरवून जातो. आपला माणूस हरवला नाही, कारण मुंबईत त्याला कोकणातला शेजार वेगळ्या रूपात पुन्हा उभा करता आला. मशिदीत मुकादम व चौगुला होते, गबाई व हजान होते. या मंडळींना कोणाच्या घरी काय उणे आहे याची खबर असे. चाळीतील सामाईक गॅलरी, पाण्याचा सामाईक नळ आणि दिवसभर उघडी असलेली दारे यांनी उरलेले काम केले. बेने इस्राएल, हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती अशी निरनिराळ्या धर्मांची कुटुंबे एका जिन्याने चढत-उतरत. मूल कोणाचे आहे हे न विचारता त्याला जेवू घातले जाई.

याच काळात संस्थाही उभ्या राहिल्या. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ साली सुरू केलेली इस्राएली शाळा पुढे सर एली कदूरी शाळा म्हणून नावारूपास आली. १९०५ साली मॅट्रिकच्या परीक्षेत मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या रिबेका रुबेन यांनी पुढे त्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून दीर्घकाळ काम केले. शाळेत मुले शिकत, आणि त्या निमित्ताने पालकांच्या ओळखी होत. १८८० पासून हिंदू कीर्तनाच्या धर्तीवर आपल्या समाजात कीर्तने होऊ लागली. अब्राहाम, मोशे, योसेफ यांची चरित्रे ओवी व साकी यांच्या चालींवर मराठीत ऐकण्यासाठी माणसे जमू लागली. कीर्तन संपल्यावर निघण्यापूर्वी ज्या गप्पा होत, त्यांचे मोल कीर्तनाइतकेच होते असे म्हटल्यास वावगे ठरू नये.

मात्र इतिहास लिहिताना उजळ बाजूच तेवढी दाखविणे योग्य नव्हे. ज्या समाजात जवळीक दाट असते, तेथे भिंतीही दाट असू शकतात. ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असा भेद आपल्यात होता, आणि दीर्घकाळ त्यांच्यात बेटीव्यवहार होत नसे. एका देवाला मानणारे, एकच शेमा म्हणणारे लोक एकमेकांना दूर ठेवीत होते. हा भेद मोडला तो मुख्यतः शहरातील सहवासाने. शाळेत एका बाकावर बसलेल्या मुलांना तो पुढे चालविणे अवघड गेले. जाण्या-येण्याने समाज टिकतो, तसाच तो सुधारतोही, याचे हे घरचे उदाहरण आहे.

इस्राएलमधील नवी वस्ती

१९४८ साली राज्याची स्थापना झाली, तेव्हा भारतात आपली संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढील दोन-तीन दशकांत त्यांपैकी बहुसंख्य लोक इस्राएलला आले. बेरशेवा, दिमोना, येरूहाम, किर्यात गात, अश्दोद, लोद, रामला या ठिकाणी त्यांना घरे मिळाली. यांपैकी येरूहाम १९५१ साली, दिमोना १९५५ साली, अश्दोद १९५६ साली वसविलेले. म्हणजे जी गावे आपल्याला मिळाली, ती आपल्याइतकीच नवी होती. तेथे वड नव्हता, विहीर नव्हती, जुनी ओळख नव्हती. शेजारी मोरोक्कोचा, वरच्या मजल्यावर रुमानियाचा, आणि बोलावयाचे तर हिब्रूत, जी कोणालाच नीट येत नव्हती.

आरंभीचे दिवस कठीण गेले. अडचणींत भर पडली ती परकेपणाची आणि तुच्छतेची. १९५१ साली बेरशेव्यातील काही कुटुंबांनी भारतात परत पाठवा म्हणून धरणे धरले, आणि १९५२ साली काही जण खरोखरच परत गेले. त्यांपैकी पुष्कळ जण पुढे पुन्हा इस्राएलला आले. त्या घटनेची चर्चा नोकऱ्या, घरे व वर्णभेद या अंगांनी झाली आहे आणि ती योग्यच आहे. आम्हांस तिच्यात आणखी एक वेदना दिसते. मुंबईत ज्याला पाच चाळींत लोक ओळखत होते, त्याला येथे कोणी नावाने हाक मारीत नव्हते. पगार कमी असला तर माणूस काटकसर करतो. नाव पुसले गेले तर त्याने काय करावे?

त्याहून मोठी परीक्षा पुढेच होती. १९६२ साली रब्बी मंडळाने बेने इस्राएलांच्या विवाहाच्या वेळी त्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. आपल्या ज्यू असण्यावरच शंका घेतली गेली. १९६४ च्या उन्हाळ्यात निरनिराळ्या गावांतील आपली कुटुंबे यरुशलेमला जमली आणि त्यांनी धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी क्नेसेटने आपल्या बाजूने ठराव केला आणि त्या महिन्याच्या अखेरीस त्या निर्देशांतील बेने इस्राएलांचा उल्लेख काढून टाकण्यात आला. नेगेवपासून किनाऱ्यापर्यंत विखुरलेला, हिब्रूत अडखळणारा, मोठा पैसा वा वशिला नसलेला समाज एका हाकेसरशी उभा राहिला. मुंबईच्या मोहल्ल्यांतील, मशिदींतील व शाळेतील जुन्या ओळखी तोवर तुटल्या नव्हत्या. पत्रे जात होती, शब्बाथ सरताच लोक एकमेकांकडे जात होते. त्या रोजच्या धाग्यांतूनच तो दोर वळला गेला, असे आमचे मत आहे. गाव करी ते राव न करी, ही म्हण त्या वर्षी खरी ठरली.

हळूहळू नव्या गावांतही आपली सिनेगॉग उभी राहिली. मलिदा आला, मेंदी आली, महिलांची मंडळे आली. बेरशेवा, दिमोना, अश्दोद येथे मोकळ्या मैदानावर क्रिकेटच्या दांड्या रोवल्या गेल्या. दिमोन्याला तर लोक ‘छोटा भारत’ म्हणू लागले. कोकणातून मुंबईस आणि मुंबईहून येथे, अशी दोनदा मोडलेली मांडणी आपल्या वडिलधाऱ्यांनी दोनदा नव्याने मांडली.

शास्त्रज्ञ काय म्हणतात

किहीमकरांनी बेने इस्राएलांचा आपला इतिहास १८९७ साली लिहिला, आणि तो चाळीस वर्षांनी, १९३७ साली, तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. योगायोग असा की १८९७ सालीच फ्रान्समध्ये एमिल दुर्खेम या रब्बीच्या मुलाने आत्महत्येवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. ज्यू समाजात आत्महत्येचे प्रमाण कमी का, याचे त्याने दिलेले कारण होते समाजाची घट्ट वीण. ज्याच्यावर इतरांचा हक्क असतो, तो जगण्याला धरून राहतो, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

पुढे वैद्यकशास्त्रानेही तोच मार्ग धरला. कॅलिफोर्नियातील अलामेडा परगण्यात १९६५ साली सुमारे सात हजार प्रौढांची माहिती घेण्यात आली आणि नऊ वर्षे त्यांच्याकडे लक्ष ठेवण्यात आले. विवाह, मित्र व नातेवाईक, धर्मसंस्था आणि इतर मंडळे यांचे बंध ज्यांना सर्वांत कमी होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक बंध असणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले, असे बर्कमन व साइम या संशोधकांनी १९७९ साली मांडले. आजारी माणूस आपोआपच एकटा पडतो, अशी शंका कोणी घेईल, व ती रास्त आहे. परंतु आरंभीचे आरोग्य, धूम्रपान, मद्यपान इत्यादी गोष्टी हिशेबात धरूनही फरक उरला. २०१० साली अशा १४८ अभ्यासांचा, म्हणजे तीन लाखांहून अधिक माणसांचा, एकत्रित विचार झाला, तेव्हाही निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला.

आपल्या देशातील एक उदाहरणही सांगण्यासारखे आहे. १९६३ पासून सरकारी व नगरपालिका सेवेतील सुमारे दहा हजार इस्राएली पुरुषांच्या हृदयरोगाचा अभ्यास झाला. १९७६ साली मेदाली व गोल्डबोर्ट यांनी दाखवून दिले की चिंतेने ग्रासलेल्या पुरुषांतही ज्यांना पत्नीचे प्रेम व आधार लाभला होता, त्यांना छातीत कळ येण्याचा विकार कमी जडला. बेरशेव्यातील विद्यापीठात काम करणारे आरोन अँटोनोव्स्की यांनी तर प्रश्नच उलटा केला. माणसे आजारी का पडतात हे सगळे विचारतात. एवढे हाल सोसूनही काही माणसे निरोगी कशी राहतात, हे त्यांनी विचारले. जगण्याला अर्थ व सुसंगती आहे अशी जाणीव हे त्यांचे उत्तर होते. ही जाणीव माणूस एकांतात कमावीत नाही.

आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत बोलका अभ्यास मात्र अगदी साधा आहे. कॅनडातील सँडस्ट्रॉम व डन या संशोधिकांनी २०१४ साली असे दाखविले की जिवलगांच्याच नव्हे, तर जुजबी ओळखीच्या माणसांच्या भेटींनीही मन प्रसन्न होते. ज्या दिवशी अशा भेटी नेहमीपेक्षा अधिक होतात, तो दिवस माणसाला अधिक आनंदाचा वाटतो. माकोलेतवाला, बसथांब्यावरची बाई, जिन्यात भेटणारा शेजारी यांच्याशी बोललेले दोन शब्द वाया जात नाहीत. तेल घेऊन दारोदार जाणाऱ्या आपल्या पूर्वजाला हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

आज

आज इस्राएलमध्ये भारतीय वंशाच्या सर्व ज्यू समाजांची मिळून संख्या सुमारे ८५,००० सांगितली जाते. मुले-नातवंडे शिकली, सैन्यात गेली, मोठ्या शहरांत स्थायिक झाली, त्यांनी इतर समाजांत विवाह केले. यात खेद करण्यासारखे काही नाही. याचसाठी वडील मंडळींनी कष्ट उपसले. पण त्याचा एक परिणाम डोळ्यांआड करता येत नाही. जुन्या वसाहतींतील शिकूनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, आपली कित्येक वृद्ध माणसे एकटी राहतात. जिना उतरणे झेपत नाही. नातवंडांचे हिब्रू भरभर चालते, आजीचे मराठी मागे राहते. फोन येतो, पण दार वाजत नाही.

आपले मेळावे हल्ली मोठे होतात, गाणी होतात, जेवणे होतात, छायाचित्रे निघतात. ते व्हावेतच. परंतु वर्षातून एकदा हजार माणसांत बसल्याने तीनशे दिवसांचे एकाकीपण भरून निघत नाही. आपला इतिहास हेच सांगतो की आपण टिकलो ते लहान व वारंवार घडणाऱ्या भेटींवर. तल्मूदमध्ये होनी नावाच्या पुण्यपुरुषाची कथा आहे. तो सत्तर वर्षे झोपला आणि जागा झाल्यावर त्याला कोणी ओळखेना. अन्नवस्त्राची ददात होती म्हणून नव्हे, तर ओळखणारे कोणी उरले नाही म्हणून त्याने मरण मागितले. आपल्या कोणत्याही आजी-आजोबांवर, त्यांच्याच घरात, झोप न लागताही, होनीची वेळ येऊ नये.

त्यासाठी फार मोठी योजना लागत नाही. मिनियानला नेहमी येणारा माणूस एखाद्या शब्बाथला दिसला नाही, तर त्याच दिवशी कोणीतरी त्याच्या घरी जावे. पूर्वी मुकादम व चौगुला हेच करीत. मलिद्याचे एक ताट शेजारच्या मोरोक्कन किंवा रशियन कुटुंबाकडे जावे. योम किप्पूरनंतरचा शिळा सण ज्या घरांना पुन्हा चालू करता येईल, त्यांनी तो करावा, आणि नातवंडांना बरोबर घेऊन जावे. मुलांना मराठी येत नसेल तर आजीजवळ बसून बिरडे सोलावे. त्या कामाला भाषा लागत नाही.

समाजबंधु-भगिनींनो, १९५० व १९६० च्या दशकांत नव्या वसाहतींत पहिला शेजार कसा जुळला, पहिला मलिदा कोणाच्या घरी झाला, पहिल्या मिनियानसाठी दहा माणसे कोठून गोळा केली, या आठवणी ज्यांच्यापाशी आहेत ती माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याकडे जाऊन त्या ऐकाव्यात व आमच्याकडे लिहून पाठवाव्यात, अशी आमची विनंती आहे. लेख आला नाही तरी चालेल. भेट मात्र घडावी.